टीव्हीवरची कोळ्याची पोर

माझ्या मुलीच्या तोंडाला पहिल्यांदा काळा रंग लावला, तेव्हा मी तिथेच तीन फुटांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून फुकटचा चहा पीत होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बऱ्याच जणांना शिव्या घालणार आहे, तेव्हा पहिली शिवी माझ्या वाट्याची.

मुलगी दहा वर्षांची होती. रंगानं गव्हाळ, बापावर गेलेली. मी सावळी, माझी आय माझ्याहून सावळी, आणि माझी धाकटी मावशी इतकी गोरी की लग्नात नवऱ्याकडचे विचारत होते, ही नक्की तुमचीच का. आम्हा कोळ्यांत सगळ्या रंगांची माणसं आहेत, जशी इतरांत असतात. पण मेकअपवाल्या दादाच्या मोबाइलमध्ये कुठल्याशा कॅलेंडरवरच्या कोळणीचा फोटो होता. "मॅडमनी सांगितलंय, एवढा टोन पाहिजे," तो म्हणाला आणि त्यानं स्पंज फिरवायला घेतला. गाल, कान, मान, कोपरापर्यंत हात. मुलीनं आरशात स्वतःला बघितलं आणि मग आरशातूनच माझ्याकडे. मी म्हटलं, "लाइटसाठी असतं गं ते." मला त्या लाइटमधलं ओ की ठो कळत नाही.

लहान मुलांची मालिका होती. दर रविवारी सकाळी लागायची. एका मोठ्या सोसायटीत राहणारे पाच दोस्त आणि त्यांच्या उचापती. एक मुलगा पुढारी, एक मुलगी कॉम्प्युटरमध्ये हुशार, एक मुलगा खादाड. आणि मग आमचे दोघं: माझी मुलगी म्हणजे कोळ्याची पोर, आणि पाचवा एक मुसलमान मुलगा. पहिल्या तिघांना स्वभाव दिले होते. आमच्या दोघांना जात आणि धर्म दिला होता, तेवढ्यावर भागवा म्हणून.

आता मी तिला तिथे नेलीच का, ते सांगते. आम्ही पनवेलला राहतो. मी इथल्या एका सरकारी कचेरीत टेबलावर बसते, नवरा बंदरात कामाला. मुलीला खारघरच्या इंग्रजी शाळेत घातली, कारण आपल्याला जे मिळालं नाही ते पोरांच्या घशात कोंबायची आमच्या पिढीला खोड आहे. चौथीत असताना एकदा डब्यात सुकट दिली. एकदाच. डबा उघडल्यावर शेजारच्या दोन बाकांनी नाकं धरली, आणि त्या दिवसापासून तिचं नाव मच्छीबाजार पडलं. तिनं मला सहा महिने सांगितलं नाही. सांगितलं तेही रडून नाही. टीव्हीवर मुलं नाचत होती, त्यांच्याकडे बघत म्हणाली, "आई, मी यांच्यात दिसले ना, की मग वर्गातल्या मला बघतील. नीट बघतील." तिला टीव्हीत काम करायची हौस नव्हती. तिला वर्गातल्या पोरींनी एकदा तिच्याकडे बघायला हवं होतं, बस्स.

आणि मला? मला माझ्या कचेरीतल्या बायकांनी बघायला हवं होतं. खोटं कशाला बोलू.

ऑडिशन खारघरलाच होती, एका क्लासच्या हॉलमध्ये. मालिकेची सगळी सूत्रं ज्या बाईंच्या हातात होती, त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. तिशीच्या असतील. मुलीनं शाळेत पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवलं. मॅडम मोबाइलमध्ये बघत होत्या. मग त्यांनी सहज विचारलं, मूळ कुठले तुम्ही? मी म्हटलं, उरणजवळचं मोरा, आम्ही कोळी. बाईंनी मोबाइल खाली ठेवला. असा चेहरा उजळला, जसा सुरमई स्वस्त मिळाल्यावर गिऱ्हाइकाचा उजळतो. "अरे वा! मग तुमच्या भाषेत बोल ना काहीतरी."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिला ती भाषा येतच नव्हती. कशी येणार? मीच येऊ दिली नव्हती. मी स्वतः कॉलेजात 'आमी' म्हटलं की पोरं हसायची, म्हणून वर्षभर आरशासमोर उभी राहून जीभ घासली मी. तिनं लहानपणी आजीचं ऐकून 'नाय' म्हटलं की मी डोळे वटारायची. दोनदा चापटही मारलीय. आता मॅडम म्हणाल्या, "शिकून येईल ना? पंधरा दिवस आहेत. आम्हाला ऑथेंटिक हवंय." मी लगेच हो म्हटलं. ज्या तोंडानं नको म्हणत होते त्याच तोंडानं, आणि लाज वाटली नाही.

मे महिन्याची सुट्टी होती. मुलीला मोऱ्याला आयकडे सोडली. माझी आय सत्तरीला आलीय, अजूनही रोज मासळी घेऊन बाजारात बसते. पंधरा दिवसांनी आणायला गेले तेव्हा पोर उंबऱ्यात बसून कोळंबी सोलत होती आणि आजीशी अशी बोलत होती की मी दारात थबकले. माझ्या लहानपणचा आवाज होता तो. "आई, तुना ठाव हाय का," म्हणाली आणि खळखळून हसली. मला आनंद झाला आणि तो कुठे ठेवावा कळेना.

पण ती भाषेपेक्षा मोठी गोष्ट शिकून आली होती. बंदरावर बायका पाटी कशी उचलतात ते. मासळीनं आणि बर्फानं भरलेली पाटी एकटीनं डोक्यावर चढत नाही. बाई पाटी कमरेपर्यंत आणते आणि थांबते. समोर जी कोण असेल ती पुढे होते, दोन्ही हात लावते, दोघी मिळून पाटी डोक्यावरच्या कापडी चुंबळीवर ठेवतात. समोरची सख्खी बहीण असो की काल जिच्याशी झिंज्या धरून भांडण झालं ती असो. हात लाव म्हणून सांगावं लागत नाही. भांडण आपल्या जागी, पाटी आपल्या जागी. आयच्या समोर बसणारी एक बाई आयशी आठ वर्षं बोलत नाही, पण आठ वर्षं रोज सकाळी तिच्या पाटीला हात लावते. मुलीला हे इतकं आवडलं होतं की घरी येऊन तिनं कपड्यांचा टब कमरेवर धरला आणि बापाला समोर उभा केला.

तर असं शिकून पोर सेटवर गेली आणि तिथे तिला रंगवली. वर नऊवारी लुगडं, कोळी पद्धतीचं. आमच्याकडे लहान पोरी लुगडं नेसतात ते हळदीला, नाहीतर नारळी पुनवेला. ही बिचारी लुगडं नेसून सोसायटीच्या बागेत झोक्यावर, लुगडं नेसून लिफ्टमध्ये, लुगडं नेसून कॉम्प्युटर रूममध्ये. बाकीची पोरं जीन्सवर. शिवाय डोक्यावर नाहीतर काखेत कायम एक छोटी पाटी, जशी काही जन्मतानाच घेऊन आली होती. आणि मालिकेत तिला नाव दिलं होतं एका मासळीचं. आम्ही मासळी खातो, विकतो, पोरींना तिचं नाव ठेवत नाही.

मुसलमान मुलाची अम्मी माझ्या शेजारच्या खुर्चीत असायची. पनवेलचीच, कोकणी मुसलमान, घरवाला आखातात. बाई शांत होती, मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या मुलाला दर भागात गोल टोपी घालून मागे उभा करायचे. मी विचारलं, बोलायला कधी देणार त्याला? ती म्हणाली, "ईदच्या एपिसोडला देनार हायेत. शीरखुर्मा घेऊन येतो आणि सगळ्यांच्या गळ्यात पडतो. बाकी सालभर चूप." मग थोड्या वेळानं म्हणाली, "घरात तो एवढा बोलतो की डोकं उठतं माझं."

आमच्या मुलीला मात्र बोलायला दिलं होतं. दर भागात एकदा. ती पाटी घेऊन यायची, म्हणायची, "मी आली हाय," आणि चारही पोरं नाक धरून "आली रे आली" म्हणून मागे सरायची. वर हशाचा आवाज. हा विनोद. दर रविवारी हाच.

हे मी पहिल्यांदा बघितलं ते शूटिंगलाच. ज्या नाकांसाठी ही एवढी धडपड करून आली, तीच नाकं इथे लिहून ठेवली होती. मी तडक मॅडमकडे गेले. म्हटलं, हे काढा, माझ्या मुलीला शाळेत हेच करतात. मॅडम माझं ऐकताना मान हलवत होत्या, कौतुकानं. म्हणाल्या, "बघा ना, म्हणजे मुलं रिलेट करतील." मी म्हटलं, बाई, हा अपमान आहे. तेव्हा त्यांचा आवाज थंड झाला. "ताई, तुमच्या समाजातलं मूल मुलांच्या मालिकेत आहे का कुठे दुसरं? आम्ही स्पेस देतोय. तुम्हीच असं केलंत तर उद्या कोण घेईल तुमच्या मुलांना?" उपकार करणाऱ्याशी भांडता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी तरी भांडलेच असते. माझी जीभ आयकडून आलीय, कचेरीत साहेबसुद्धा जपून असतात. पण मागून कुणीतरी माझा पदर ओढला. मुलगी होती. त्या रंगवलेल्या तोंडानं हळूच म्हणाली, "आई, नको ना. मला काढून टाकतील. वर्गात सगळ्यांना सांगितलंय मी."

मी तिला वचन दिलं, सेटवर तोंड उघडणार नाही.

पहिले भाग लागले. वर्गात काय झालं हे मी तिला भीत भीत विचारलं. म्हणाली, सगळ्या बघतात. आता मच्छीबाजार म्हणत नाहीत, मालिकेतलं नाव घेतात आणि "आली रे आली" म्हणतात. "पण त्या सगळ्यांनाच तसं म्हणत नाहीत ना, मलाच म्हणतात. म्हणजे ओळखतात," ती म्हणाली. दहा वर्षांच्या पोरीनं स्वतःची अशी समजूत घातलेली बघून मला मॅडमचा गळा धरावासा वाटला. त्याऐवजी मी कचेरीत पेढे वाटले होते, हेही लिहिते. एक बाई म्हणाली, "अय्या, तुम्ही कोळी? वाटत नाही हो." मी थँक्यू म्हटलं.

आय एका रविवारी आमच्याकडे होती तेव्हा तिनं पहिल्यांदा ती मालिका बघितली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. रंगावर ती काही बोलली नाही, लुगड्यावर नाही, नाक धरण्यावरही नाही. बाजारात बसणारीला नाकं धरलेली नवी नव्हती. नात पाटी उचलून एकटीच डोक्यावर ठेवते आणि चार मित्र बघत उभे, एवढं झालं तेव्हा ती म्हणाली, "ही पोरा उभी कशाला? हात लावाला नको?"

मुलगी म्हणाली, "आजी, पाटी रिकामीच असते."

"असंल. पण दोस्त हायेत ना?"

मैत्रीवरची मालिका. लिहायला चार जण, वर मॅडम, वर आणखी कुणी. कुणाला सुचलं नव्हतं ते माझ्या न शिकलेल्या आयला एका रविवारी दिसलं. 

पुढच्या शूटिंगला नेमकी पाटी भरलेली निघाली. कुणाला तरी खरेपणाचा झटका आला होता. बाजारातून बांगडे आणले, खाली बर्फ घातला. सीन असा की सोसायटीत पार्टी आहे, हिनं मासळी आणायची, पाटी जमिनीवरून उचलून डोक्यावर घ्यायची आणि तिचं ते वाक्य म्हणायचं. हिनं पाटी कमरेपर्यंत आणली आणि थांबली.

"उचल, उचल," दिग्दर्शक ओरडला.

ती म्हणाली, "जड आहे. कुणीतरी समोरून हात लावतात."

कट झालं. तिला समजावलं. पुन्हा ॲक्शन. पुन्हा पाटी कमरेवर, पुन्हा ती उभी. बर्फाचं पाणी लुगड्यावर गळत होतं आणि रंग उतरून कोपराखाली तिची खरी कातडी दिसायला लागली होती. ती समोरच्या चौघांकडे बघत होती. पुढारी मुलगा खरंच एक पाऊल पुढे आला. चांगलं पोरगं होतं ते. त्याला ओरडले, "तू कुठे चाललास? तुझं नाही तिथे काही." तो मागे गेला. टोपीवाला मुलगा पुढे यायला लागला, त्यालाही तेच. तिसऱ्या वेळी मॅडम स्वतः आल्या. मुलीनं त्यांना सगळं नीट सांगितलं, बंदरावर कसं करतात ते, आजी काय म्हणाली ते. मॅडम म्हणाल्या, "गोड आहे. पण विनोद मरतो ना बाळा."

मी खुर्चीत बसले होते. अम्मीनं माझ्या कोपराला हात लावला, म्हणाली, "जाव ना." मी गेले नाही. वचन दिलं होतं, हे एक. दुसरं असं की मला वाटत होतं, उचल गं बाई एकदाची, कशाला वाढवतेस. मनातल्या मनात मी दिग्दर्शकाच्या बाजूनं होते. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

शेवटी मासळी काढली आणि थर्माकोल भरून वर प्लास्टिकचे मासे मांडले. आता हलकी झाली, आता उचल. मुलीनं पाटी उचलली, कमरेपर्यंत आणली आणि पुन्हा थांबली. म्हणाली, "मी थांबते. ते येतील." ते आले नाहीत, कारण कुणी येऊ दिलं नाही. त्या दिवशी पॅकअप झालं.

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. ट्रॅक बदलतोय, तिचं पात्र थोडं मागे ठेवतोय, गरज पडली की बोलावू. आता वचन संपलं होतं. मी तोंड सोडलं. कॉलेजापासून घासून ठेवलेली जीभ एका क्षणात मोऱ्याच्या बंदरावर गेली. रंगावरून, नाकावरून, नावावरून, बांगड्यांवरून, जे जे गिळलं होतं ते सगळं आमच्या भाषेत, आमच्या शिव्यांसकट बाहेर काढलं. पलीकडे मॅडम ऐकत होत्या. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, हाच टोन. इतका रॉ. हे ऑडिशनला का नाही दाखवलंत?"

मी फोन ठेवला आणि संडासात जाऊन रडले, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून.

तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं." मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. म्हणाली, "माहितीय." पुढचे काही रविवार जुने भाग लागले. मग एका रविवारी तिनं स्वतःच टीव्ही लावला आणि तेच लुगडं आलं. तीच पाटी, तेच मासळीचं नाव, तोच रंग मानेपर्यंत, पण आत दुसरी मुलगी. ट्रॅक कसला बदलतोय, नुसती पोरगी बदलली होती. मागून कळलं, ती नागपूरकडची होती, समुद्र बघितला होता की नाही देव जाणे. पार्टीचाच सीन. तिनं थर्माकोलची पाटी एका झटक्यात डोक्यावर ठेवली, म्हणाली, "मी आली हाय." चौघांनी नाकं धरली. पुढारी मुलाचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं.

मी टीव्ही बंद करायला उठले. मुलगी म्हणाली, "राहू दे. उद्या वर्गात बघतील ना, की मी नाही. विचारतील. मग मी सांगेन का नाही ते. पाटीचं सगळं सांगेन." रात्री जेवताना ती बापाला पुन्हा पुन्हा विचारत होती की कुठून सुरू करू, आजीपासून की बर्फापासून. मला बरं वाटलं. म्हटलं, टीव्हीनं नाही तर नाही, असं तरी तिचं वर्गात ऐकून घेतील.

सोमवारी मी कचेरीतून लवकर निघाले. ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं, बूट काढायला बसली. मी म्हटलं, "मग? विचारलं का गं?"

"नाही. म्हणाल्या, कालचा एपिसोड मस्त होता. पाटी काय उचललीस."

"मग तू सांगितलं नाहीस, ती तू नव्हतीस म्हणून?"

"सांगितलं." ती एक बूट हातात घेऊन बसली होती. "त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, तूच होतीस, आम्ही बघितलं ना."

"सगळ्या? आणि तुझ्या बाकावरची? तीन वर्षं शेजारी बसते ती?"

"तीच पहिली म्हणाली," ती म्हणाली आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागली.